संगणकाचा रहिवासी दाखला

"यंत्र म्हातारं होत नाही. माणसाचा त्याच्यावरचा विश्वास म्हातारा होतो," असं तासिओ सरांनी जमलेल्या मंडळींना सांगितलं आणि संगणकाचं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं.

मंडळींनी सभ्यपणे वाट पाहिली. सरांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली, बटण उकरून बाहेर काढलं आणि पुन्हा दाबलं. तेव्हा यंत्रातून आधी एक उसासा आला, मग जात्यावर काहीतरी भरडल्याचा आवाज, मग जरासा करपट वास, आणि शेवटी पडदा उजळला. सरांनी असं वळून पाहिलं, जणू मधलं सगळं त्यांनी मुद्दाम घडवून आणलं होतं.

मंडळी जमली होती त्याला कारण होतं. त्या बरांगायात, म्हणजे गावात, दोन पुरोक, म्हणजे दोन वाड्या. दर फिएस्ताला, म्हणजे गावच्या जत्रेला, दोन्ही पुरोकांत सामना होई आणि हरलेल्या पुरोकाने फिएस्ताच्या स्वयंपाकाच्या काहिली घासायच्या असा रिवाज होता. काहिली साध्यासुध्या नव्हत्या. एकेकीत एक आख्खं डुक्कर आणि ते ढवळणारा माणूस मावला असता. आत चरबीचा थर, बाहेर लाकडाची काजळी. सामना बास्केटबॉलचा असे, आणि पुरोक दोनमध्ये उंच माणसं जन्मालाच येत नसत. त्यामुळे वर्षानुवर्षं काहिली घासत होता पुरोक दोन, आणि पुरोक दोनच्या स्वयंपाकाची प्रमुख असल्यामुळे त्यातली सगळ्यात मोठी घासत होती तासिओ सरांची बायको, दितास.

गेल्या वर्षीच्या सामन्यात दोन गुडघे निखळले आणि एक कवळी हरवली. तेव्हा बरांगायच्या कप्तानने, म्हणजे गावच्या सरपंचाने, फर्मान काढलं, की यंदा सामना संगणकावर. खेळ बसचा. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त उतारू गोळा करून चर्चच्या चौकात नेऊन सोडायचे. दर पुरोकाचा एक खेळाडू, आणि तो पन्नाशीच्या पुढचाच, कारण पोरांना खेळायला दिलं तर पोरांना तो खेळ येतो. यंत्र ज्याने त्याने आपापलं आणायचं. बरांगायच्या कचेरीत एक संगणक होता, पण तो चालू केला की त्यातून मुंग्या निघत.

सभेत कप्तानने हे सांगितल्यावर पुरोक एकमधून गोदोफ्रेदो नुफाब्ले उठला. हा गोदो बंदराच्या जकातीतून निवृत्त झालेला, तासिओ सरांच्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत. गोदोकडे नवा संगणक होता. त्याला एका बाजूने काच होती आणि आत रंगीत दिवे होते. गोदो संगणक वापरत नसला तरी दिवे लावून ठेवी, कारण ते रस्त्यावरून दिसत.

पुरोक दोनमधून कोणीच उठेना. तासिओ सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते उठले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची ही एक अडचण असते. शांतता पसरली की त्याला वाटतं, आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं, आणि ते पुढे पुस्तकात छापलं जाईल.

"मी खेळेन," सर म्हणाले. "आणि सगळ्यांच्या देखत सांगतो, यंदा माझ्या दितासच्या हाताला काजळी लागणार नाही."

टाळ्या पडल्या. दितास मागच्या बाकावर होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना ती म्हणाली, "पापा, माझ्या हातांबद्दल सभेत बोलायची काय गरज होती? घरी आपली बशी घासली असतीस तरी मला पोचलं असतं." मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण नवराबायको एकमेकांना अजून पापा आणि मामा म्हणत.

"बशी काय, कोणीही घासतं," सर म्हणाले.

"कोणीही नाही. मी घासते," दितास म्हणाली.

तर आता बटण बाहेर आलं होतं, पडदा उजळला होता आणि सरांनी सरावाला सुरुवात केली. हा संगणक त्यांनी मुलांचे निकाल तयार करायला घेतला होता, आणि निकाल तयार करणं एवढंच त्याच्या प्रकृतीला झेपत असे. सरांची बस निघाली. रस्ता नव्हता. सगळीकडे करडं धुकं. बस बरीच पुढे गेल्यावर मागून रस्ता आला. थांब्यावरची माणसं बस निघून गेल्यावर एकेक करून उगवू लागली. आधी पाय, मग छत्री, मग माणूस. पूल तर नदी ओलांडून झाल्यावर आला.

हे पाहायला गोदोही आला होता. तो खिडकीबाहेर उभा राहून नम्रपणे म्हणाला, "पारे, बस रिकामी आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे उतारू अजून तयार होतायत."

तासिओ सर हसले. तसं हसायला किती कष्ट पडतात हे ज्याने शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षं काढली त्यालाच कळेल.

यंत्रात काहीतरी करायला हवं हे उघड होतं, आणि काय करायला हवं हे पुरोकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकाचं म्हणणं, यंत्र तांदळाच्या पोत्यात ठेवा, ओल निघून जाईल. कोपऱ्यावरच्या दुकानवालीने आपल्या भावाचा दाखला दिला. त्याने आपल्या संगणकावर पाद्रीबाबांकडून तीर्थ शिंपडून घेतलं होतं. "त्यानंतर तो कधी बिघडला नाही," ती म्हणाली. जरा विचार करून तिने पुढे सांगितलं, "चालूही झाला नाही."

टायरवाला बेर्तिंग मात्र करणारा माणूस होता. त्याने संगणक उचलून आपल्या दुकानात नेला, ट्रकच्या चाकात हवा भरायची नळी त्याच्या पाठीला लावली आणि सोडली. समोरच्या घरातल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. धूळ बसल्यावर दिसलं, की आतून एक पाल बाहेर आली आहे आणि बेर्तिंगकडे अत्यंत अपमानित नजरेने पाहते आहे. ती तिथं सरांच्या निकालपत्रकांच्या उबेत बरीच वर्षं सुखाने नांदत असावी. नंतर ती चालत सरांच्या घरी परत गेली.

"आता आत काही राहिलं नाही," बेर्तिंग म्हणाला.

"तेच तर," सर म्हणाले. "आता आत काहीतरी घालायला हवं."

पण नवं सामान घेण्याइतकी ऐपत नव्हती. तासिओ सरांच्या शाळेसमोर नाणं टाकून संगणकावर खेळायचं एक दुकान होतं. त्या दुकानाविरुद्ध सर दर सोमवारी झेंडावंदनानंतर भाषण देत. ते दुकान आता बंद होत होतं. एका दुपारी सर त्या दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरले आणि दोन कोंबड्यांच्या बदल्यात मेमरीच्या दोन पट्ट्या आणि एक जाडजूड पॉवर सप्लाय घेऊन बाहेर पडले. पट्ट्या त्यांनी डब्यात भाताखाली लपवल्या. भातावर सुकट होती. पुढे संगणक तापला की घरात सुकटीचा वास सुटे, आणि शेजारचं मांजर येऊन पडद्यासमोर बसे.

रस्ता आता बसच्या आधी येऊ लागला. माणसं मात्र अजून उशिराच येत. ग्राफिक्स कार्ड हवं, असं बेर्तिंगने ऐकलं होतं. सरांनी गुपचूप मुलीला, रोवेनाला, फोन केला.

"पापा, ह्यांचं जुनं कार्ड पडलंय घरात," रोवेना म्हणाली. "पेटी पाठवायचीच आहे, त्यात टाकते. निळ्या टॉवेलात गुंडाळलेलं असेल. मामाला सांगून ठेव."

"सांगतो," तासिओ सर म्हणाले, आणि सांगितलं नाही. कारण सगळ्या पुरोकाला त्यांनी बजावलं होतं, की हे यंत्र आपण केवळ बुद्धीच्या जोरावर उभं करणार. बुद्धी कॅनडाहून आली असं कळलं असतं तर बरं दिसलं नसतं.

पेटी समुद्रमार्गे येते, म्हणजे तिच्या सवडीने येते. तोवर कप्तानने दुसरं फर्मान काढलं. शहरातून कोणी भाड्याची यंत्रं आणू नयेत म्हणून स्पर्धेतला संगणक निदान सहा महिने त्याच पुरोकात राहत असला पाहिजे, आणि तसा त्याचा रहिवासी दाखला पाहिजे. सर कचेरीत गेले. तिथं सचिव म्हणून ओलिवा बसली होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"नाव सांगा, सर."

"कोणाचं? माझं तर तुला माहीत आहे."

"तुमचं पाठ आहे. तुम्ही मला एकाच वर्गात दोनदा बसवलंत. संगणकाचं सांगा."

"संगणकाला नाव कुठलं?"

"फॉर्म माणसांचाच आहे, सर. दुसरा नाही. रकाना मोकळा ठेवता येत नाही."

सरांनी आपलंच आडनाव सांगितलं. "फाउलान."

ओलिवाने 'फाउलान, संगणक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. "वैवाहिक स्थिती?"

तासिओ सरांनी विचार केला. त्यांना खोटं सांगायची सवय नव्हती. "विधुर," ते म्हणाले. "प्रिंटर गेल्या वर्षी गेला."

"वर्तणूक?"

"मंद, पण प्रामाणिक."

"माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्ही हेच लिहिलं होतं," ओलिवा म्हणाली आणि तेही लिहिलं. मग तिने पेन थांबवलं. "सर, त्याच्यात काही नवीन घातलंय का?"

"थोडी मेमरी. आणि अजून थोडंसं घालायचंय."

"मग तो तोच संगणक कसा?"

सर तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आले होते, पण असा प्रश्न त्यांनाही सुचला नव्हता. ओलिवा उठून कप्तानकडे गेली. आत बराच वेळ चर्चा झाली. कप्तान म्हणाला, घराचं छप्पर बदललं म्हणून घर बदलत नाही. ओलिवा म्हणाली, पण भिंतीही बदलल्या तर? शेवटी निकाल लागला, तो असा, की संगणकाचं निम्म्याहून जास्त वजन जुनं असलं पाहिजे. सामन्याच्या सकाळी खाटकाच्या काट्यावर आधी नवे भाग आणि मग आख्खा संगणक तोलून बघण्यात येईल.

हातात दाखला घेऊन सर घरी निघाले. बाहेर पडताच लोक हसून त्यांचे आभार मानू लागले. दुकानवालीच्या हातात परदेशी साबण होता. बेर्तिंगच्या डोक्यावर बर्फाचं चित्र असलेली लोकरी टोपी होती, त्या उन्हात. सर झपाझप चालू लागले. पेटी आली होती.

पेटी आली की ती एकट्याने उघडायची नसते. सगळा पुरोक गोळा होतो, आणि काहीतरी दिल्याशिवाय कोणालाही परत पाठवायचं नसतं. घराच्या मधोमध रिकामी पेटी पडली होती. दितास समाधानाने डबे रचत होती.

"मामा, निळा टॉवेल?"

"दिला की. रोवेना नेहमी टॉवेलात साबण-चॉकलेट गुंडाळते ना. सगळे टॉवेल गुंडाळी न सोडताच दिले, म्हणजे कोणाला कमी-जास्त वाटायला नको."

"कोणाला दिला?"

"लोला पासिंगना. जड होता, म्हणून म्हटलं वयाने मोठ्या माणसाला द्यावा. का रे?"

सरांनी का ते सांगितलं. दितासने हातातला डबा खाली ठेवला.

"मागून आणतो," सर म्हणाले.

"काय मागून आणतोस? पेटीतलं दिलेलं परत मागायचं? पापा, मग रविवारी चर्चमध्ये मी कोणाशेजारी बसायचं? काहिली घासेन मी. बाईंच्या हातातली वस्तू काढून घेणार नाही."

लोला पासिंग चौथ्या घरात राहत. सगळा पुरोक त्यांना आजी म्हणून लोला म्हणे, आणि त्या सगळ्या पुरोकाला तोतो, म्हणजे बाळ, म्हणत. सत्तावन्न वर्षांचे तासिओ सर तांदळाचा गरम केक घेऊन त्यांच्याकडे गेले आणि समोरचा देव्हारा पाहून दारातच थबकले.

देव्हाऱ्यात बाळ येशूची मूर्ती होती. लाल मखमली अंगरखा, हातात पृथ्वीचा गोळा. आणि मूर्तीच्या मागे, प्रभावळीसारखं उभं, काळं चकचकीत ग्राफिक्स कार्ड. दोन पंख्यांची दोन वर्तुळं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर बरोब्बर आली होती. पुढे मेणबत्ती लावली होती, आणि तिचा उजेड त्या पात्यांवर असा खेळत होता, की सरांनी नकळत छातीवर क्रूसाची खूण केली.

"रोवेनाने पाठवलं," लोला पासिंग म्हणाल्या. "पोरीला लहानपणापासून श्रद्धा. कॅनडाचा नमुना आहे, पण बाळाला काय शोभतंय बघ, तोतो."

"शोभतंय," तासिओ सर म्हणाले, केक खाल्ला, आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी ते केळी घेऊन गेले. तिसऱ्या खेपेला मासे. तोवर लोला पासिंगना वाटू लागलं होतं, की ह्या माणसाला बायको जेवायला घालत नसावी आणि म्हणून हा काहीतरी निमित्त काढून येऊन बसतो. त्या त्याला वाढू लागल्या. सर जेवत, देव्हाऱ्याकडे पाहत आणि उठत. त्यांची भक्ती पुरोकात चर्चेचा विषय झाली. पाद्रीबाबांनी त्यांना रस्त्यात थांबवून खांद्यावर हात ठेवला.

शेवटी सरांनी इतिहासाचा आधार घेतला. फिएस्ताच्या मिरवणुकीसाठी घरोघरच्या मूर्तींचे दागिने उसने नेण्याची रीत जुनी आहे. "लोला," ते म्हणाले, "ही प्रभावळ फिएस्तापुरती उसनी द्याल का? पुरोकाच्या कामाला हवी आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बस, उशिरा येणारी माणसं, सभेतलं वचन, दितासचे हात.

लोला पासिंगनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे बाळाला आलेलं नव्हतंच?"

तासिओ सरांना खोटं सांगायची सवय नव्हती. पण ती लावून घ्यायला उशीर झालेला नसतो. "बाळालाच आलं होतं, लोला. मी फक्त वापरायला मागतोय."

"मग बाळाची वस्तू बाळाशिवाय जाणार नाही," लोला पासिंग म्हणाल्या. "तोही येईल. आणि मीही. काम झालं की परत."

कार्ड आलं. पण ते संगणकाच्या पेटीत मावेना, चांगलं वीतभर लांब पडलं. बेर्तिंगने पत्रा कापायची कात्री आणली आणि पेटीच्या पुढच्या अंगाला खिडकी पाडली. कार्ड त्यातून गाडीतून डोकावणाऱ्या कुत्र्यासारखं बाहेर आलं. यंत्र चालू केलं. बस निघाली, आणि तासिओ सरांनी पहिल्यांदा तो खेळ पाहिला. थांबे होते. थांब्यांवर माणसं होती, छत्र्यांसकट, बस यायच्या आधीपासून. नदीवर पूल आधीच बांधलेला होता. लांब चर्चचा मनोराही दिसत होता. दितास हातातलं काम टाकून मागे येऊन उभी राहिली.

"पापा, ती बाई हात करतेय. थांब तिच्यासाठी."

सरांनी बस थांबवली. बाई चढली. सरांचे डोळे पाणावले, आणि त्यांनी ते मांजरावर ढकललं.

राहिलं वजन. बेर्तिंगने घरच्या ताणकाट्याला सगळं टांगून पाहिलं, तर मेमरी, पॉवर सप्लाय आणि कार्ड मिळून नव्याचं पारडं खाली जात होतं. सरांनी जुना पॉवर सप्लाय निवृत्त सदस्य म्हणून परत आत ठेवला. कमी पडलं. शेवटी दितासने माळ्यावरून आपल्या आईची कोळशाची इस्त्री काढून दिली. ती शुद्ध ओतीव लोखंडाची होती आणि पुरोकात साठ वर्षं राहत होती. फिएस्ताच्या सकाळी काट्यावर ओलिवाने आत वाकून पाहिलं.

"सर, ही इस्त्री काय करते?"

"स्थैर्य देते," सर म्हणाले.

ओलिवाने 'स्थैर्य' असं लिहून घेतलं. संगणक काठावर पास झाला.

बास्केटबॉलच्या मैदानात दोन टेबलं मांडली होती. एकावर गोदोचं काचेचं यंत्र, दिवे लावून. दुसऱ्यावर तासिओ सरांचं, खिडकीतून कार्ड बाहेर, वर बाळ येशूची मूर्ती आणि शेजारी खुर्चीवर हातपंखा घेतलेल्या लोला पासिंग.

गोदोने हरकत घेतली. "कप्तान, ह्यांचे खेळाडू दोन आहेत."

कप्तानने मूर्तीकडे पाहून टोपी काढली. "त्याने माऊसला हात लावला तर बघू," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवली.

गोदो सुटला. त्याने आयुष्यभर सरकारी गाडी वापरली होती, त्यामुळे बस म्हणजे जोरात न्यायची वस्तू अशी त्याची समजूत होती. वळणावर तो सुसाट गेला आणि निम्मे उतारू थांब्यावरच राहिले. तासिओ सर तीस वर्षं वाटेत उतारू घेत जाणाऱ्या जीपनीने शाळेत जात आले होते. उतारू कुठं उभा राहतो, कुठं उभा राहायला हवा आणि शेवटच्या क्षणी कुठून पळत येतो, हे त्यांना ठाऊक होतं. ते प्रत्येकासाठी थांबले. लांबून धावत येणाऱ्या म्हातारीसाठी त्यांनी बस मागे घेतली. गर्दीतून आवाज येऊ लागले, "सर, डावीकडे, मासेवाली राहिली." "सर, पोराला दप्तर उचलू द्या." पुरोक दोन मागे उभा राहून बसमध्ये माणसं भरत होता.

आकडे पुढे-मागे होत राहिले. आणि शेवटच्या फेरीत सुकटीचा वास सुटला.

यंत्र तापलं होतं. लांबचा मनोरा पुसट झाला. मग एक थांबा गेला. रस्त्याच्या कडेने धुकं सरकू लागलं. सरांच्या कपाळावर घाम आला. चर्चचा चौक समोर होता, बस भरलेली होती, आणि पुढचा रस्ता काही केल्या येत नव्हता.

"पारे," गोदो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "दितासला घासणी द्यायला सांगू का?"

तेव्हा लोला पासिंग उठल्या. बाळाच्या प्रभावळीला उकडतंय एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खिडकीतून बाहेर आलेल्या त्या कार्डाला हातपंख्याने वारा घालायला सुरुवात केली, तापलेल्या पोराला घालतात तसा. ते पाहून दितास पुढे आली आणि दुसऱ्या बाजूने घालू लागली. मग दुकानवाली. मग पुरोक दोनच्या झाडून सगळ्या बायका, ज्यांनी इतकी वर्षं काहिली घासल्या होत्या, टेबलाभोवती कोंडाळं करून पंखे हलवू लागल्या. बेर्तिंगने लोकरी टोपीच काढून वारा घातला. एवढ्या वाऱ्यात बाळ येशूचा अंगरखा फडफडू लागला आणि टेबल हललं, पण संगणक जागचा हलला नाही. आत इस्त्री होती.

धुकं मागे सरलं. आधी रस्ता आला, मग चौक, मग चर्चचं दार. तासिओ सरांनी बस दारासमोर उभी केली, अगदी फुटपाथला लागून, म्हाताऱ्यांना उतरायला उंच पडू नये म्हणून. शिट्टी वाजली तेव्हा गोदो त्यांच्या आधी चौकात पोचलेला होता. त्याच्या बसमध्ये चार माणसं होती.

बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सरांना खांद्यावर उचलायचा बेत झाला, पण ते वजनदार असल्यामुळे मूर्तीला उचललं. कप्तानने निकाल दोनदा वाचला, कारण पुरोक दोनला तो पुन्हा ऐकायचा होता.

संध्याकाळी पंपाजवळ काहिली मांडून पुरोक एक घासत होता. सगळ्यात मोठीच्या आत गोदो बसला होता, त्याचं फक्त डोकं दिसत होतं. काठाशी दितास उभी होती, ठेवणीतल्या पोशाखात, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"पारे, तिथं कडेला राहिलंय," ती म्हणाली. "नाही, अजून जरा खाली. राख घे की थोडी. मी राख घ्यायचे."

तासिओ सर थोडे लांब उभे राहून ते पाहत होते. दितास त्यांच्याजवळ आली आणि तिने आपले हात त्यांना दाखवले, आधी वरून, मग तळवे. स्वच्छ होते. सरांना इतिहासातला एकही प्रसंग त्याच्या तोडीचा आठवेना. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी आपली बशी स्वतः घासली, आणि ते सगळ्यांना कळेल अशा आवाजात घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरोकातली मंडळी पुन्हा त्यांच्या घरी जमली. सर संगणकासमोर बसले. बटण दाबलं, ते आत गेलं आणि शहाण्यासारखं बाहेर आलं. पडद्यावर नदी, पूल, मनोरा, सगळं आपापल्या जागी होतं.

"मंडळी," सर म्हणाले, "काल जे घडलं ती नुसती सुरुवात आहे. पुढच्या वर्षी आपण शेजारच्या बरांगायांना आव्हान देणार. त्याच्या पुढच्या वर्षी शहर. एका पुरोकाने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे ह्या यंत्राने..."

दारात लोला पासिंग उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडी घातलेला निळा टॉवेल होता.

"तोतो, बोलून झालं की तेवढं काढून दे," त्या म्हणाल्या. "पाच वाजता घरी नोवेनाची प्रार्थना आहे, आणि बाळ मागून उघडा दिसतो. देण्याआधी जरा पुसून घे. सुकटीचा वास येतोय त्याला."